टनभर चिपाडातून ५०० लिटर डिझेल? आधी कार्बन मोजा

निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या ऊसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘एक टन चिपाडातल्या लिग्निनपासून ५०० लिटर डिझेल. हायड्रोजन पाण्यातून फुकट. कारखाने हे सोनं जाळून टाकतात. लोखंडी ड्रममध्ये घरीसुद्धा जमतं.’ (लिग्निन म्हणजे झाडाझुडपांना ताठपणा देणारा घटक.) आमच्या शेजारच्या गुऱ्हाळवाल्या काकांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, “काय वो सर, ड्रम जोडून बघूया की एक.” मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही.

पहिल्यांदा ५०० लिटर. डिझेल मुख्यतः कार्बनचं बनलेलं असतं, आणि तो कार्बन चिपाडातूनच यायला हवा. कारखान्याच्या मिलमधून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. टनामागे कोरडा माल उरतो ५०० किलो, आणि त्यात सगळा मिळून कार्बन अडीचशे किलोही भरत नाही. ५०० लिटर डिझेलमध्ये मात्र साडेतीनशे किलोच्या वर कार्बन असतो. वरचा शंभर किलो आणायचा कुठून? शिवाय मजकुरात म्हटलंय नुसतं लिग्निन. ते कोरड्या चिपाडाच्या २० ते २५ टक्के, म्हणजे १०० ते १२५ किलो. त्यातला कार्बनचा कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी शंभर लिटरच्या आसपास हिशेब संपतो. प्रत्यक्षात बराच कार्बन कोळसा आणि वायू होऊन जातोच.

बरं, निघेल ते डिझेल असेल का? गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड सारताना धुराचा जो खमंग, घशाला लागणारा वास येतो, तो मुख्यतः ग्वायकॉल, सिरिंगॉल यांचा. उष्णतेनं लिग्निन तुटतं तेव्हा असे फिनॉलचे भाऊबंद बाहेर पडतात. लिग्निन बांधलेलंच आहे कार्बनच्या गोल, बंद कड्यांनी. डिझेल इंजिनाला चटकन पेट घेणाऱ्या लांब साखळ्या लागतात. कडीवाले रेणू तिथे अडतात. फिनॉल, बेंझीन, टोल्युईनसारखी रसायनं काढायला मात्र लिग्निन उत्तम, आणि त्याची खरी किंमत तिथेच आहे असं मला वाटतं.

हायड्रोजन वापरून असं तेल काढायचं तंत्र खोटं नाही, हेही सांगायला हवं. नुसतं तापवलं तर लिग्निनचे तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि कोळसा होतो. दाबाखालचा हायड्रोजन त्या तुटलेल्या टोकांना जाऊन बसतो, आणि उत्प्रेरकाच्या मदतीनं ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढून घेतो. म्हणून तेल टिकाऊ होतं. आपल्याच कर्नाटकात, बंगळूरला, शेल कंपनीनं २०१७ साली या पद्धतीचा रोज ५ टनांचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पण त्या पद्धतीत लिग्निन वेगळं काढत नाहीत, सगळा बायोमासच, म्हणजे वनस्पतीचा आख्खा माल घालतात.

हायड्रोजन फुकट? पाण्यातून एक किलो काढायला ५० युनिटांच्या वर वीज जाते. घरचं लाइट बिल समोर ठेवून बघा.

कारखाने सोनं जाळतात, हेही अर्धवट. त्याच चिपाडाच्या वाफेवर कारखाना चालतो, उरलेली वीज ग्रिडला जाते. चिपाड काढून घेतलं तर बॉयलरला दुसरं जळण विकत आणावं लागेल.

आणि ड्रम. माझी खरी काळजी ही आहे. ही प्रक्रिया चारशे अंशांच्या आसपास, वातावरणाच्या वीस-तीस पट दाबाखाली चालते. तेलाचा पत्र्याचा ड्रम एवढा दाब धरणारच नाही. हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेतो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. काकांच्या गुऱ्हाळात काहिलीभोवती सहा-सात माणसं असतात, संध्याकाळी गरम गूळ खायला पोरं येतात. मी त्यांना हात जोडून सांगितलं, वेल्डिंगवाल्याला निरोप धाडू नका. ड्रम सध्या गोठ्याजवळ उभा आहे, आणि त्यात म्हशींचं पाणी आहे.