मांज्याची सवय तिथे नडते

'उत्तरायणात पतंग उडवणाऱ्यांना काइटसर्फिंग पटकन जमतं' हे काइटसर्फिंगवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकायचा खेळ. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातली माणसं, मांजा धरायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण सुट्टीत रामेश्वरमला पुतण्या शिकायला उतरला तेव्हा तोच सराव आडवा आला. पतंग डगमगला की आपण खेचतो. तिथे बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, अंगाकडे ओढला की काइटचा जोर उलट वाढतो आणि माणूस पाण्यावरून फरफटत जातो. घाबरलात तर बार सोडायचा. काइट कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, अडकवलेला असतो, तो काही कटून जात नाही. प्रशिक्षक 'सोड, सोड' म्हणून ओरडतायत आणि आमचा गडी दोन्ही मुठी छातीशी धरून बसलाय!

आणि वाऱ्याच्या दिशेबद्दल लेखात एक ओळही नसावी? वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर नवशिक्याला पाण्यात उतरवणं धोक्याचं, तो आत ओढला जातो. अशा वाऱ्यामुळे वर्ग रद्द झाला तर त्या दिवसाचे पैसे परत की दुसऱ्या दिवशी वर्ग, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.