पिवळं म्हणजे अस्सल असं काय नसतंय

लेखात दिलंय की पिवळं शिया बटर (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं, अंगाला लावायचं लोण्यासारखं तेल) अस्सल आणि पांढरं नकली, हे काय पटलं नाही बघा. पांढरं म्हणजे बहुतेक रिफाइंड, वास आणि रंग काढून टाकलेलं, पण ते पण शियाच की, नकली कसं म्हणणार? उलट एकदम गडद पिवळं दिसलं की मी तरी सावध होतो, कारण नायजेरियाकडं बोरुतुतु नावाच्या झाडाच्या मुळीनं रंग देऊन पण विकतात. कच्चं शिया फिकट, मळकट सायीच्या रंगाचं असतंय.

कच्च्याची खरी खूण वासाची. घाना, बुर्किना फासोकडं बायका बिया भाजून, दळून, पाण्यात हातानं घोटून ते काढतात, म्हणून खमंग धुरकट वास येतोच, जुनं झालं की कमी होतो. व्हॅनिलाचा घमघमाट आला तर सेंट घातलंय समजायचं.

आणि दाणे पडले म्हणून टाकू नका राव! आपल्या कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये हे डबीतच वितळतंय, मग हळूहळू गार झालं की रवाळ तुपागत होतंय, परत मंद आचेवर वितळवून फ्रीजमध्ये पटकन गार केलं की मऊ. महाद्वार रोडला घेताना डबीची मागची बाजू वाचा, ब्युटिरोस्पर्मम पार्किआय (शियाचं शास्त्रीय नाव) एवढं एकच नाव पाहिजे, पॅराफिन नायतर मिनरल ऑइल पहिल्या नंबरला असलं तर ते साधं क्रीम. अर्थात कच्चं का रिफाइंड हे त्या नावावरनं कळत नाही, त्याला झाकण उघडून वासच घ्यावा लागतोय आणि दुकानदार काय उघडू देत नाही.