पानात किती पडलं, हे कोण मोजतं?

शालेय पोषण आहारात अंडं असावं की नसावं, हा वाद महाराष्ट्रातून थेट जपानमधल्या मराठी घरांतही येऊन पोचतो. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्यानं आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू केलं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला आणि अंडी लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. अंडं द्यायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा केंद्राचा निकष आहे. त्यातली सहा एका अंड्यातून मिळतात. शाळेचं छप्पर गळलं तरी ज्या गावाला वर्गणी काढावी लागते, त्याच्यावर अंडी सोपवणं म्हणजे ती बंद करण्यासारखंच आहे.

पण इथून, जपानमधून पाहताना जाणवतं, की आपलं सगळं भांडण कोणता पदार्थ द्यायचा यावर होतं. तो किती शिजला, किती वाढला, किती टाकला गेला, हे विचारायला कुणीच नसतं.

जपानमध्ये शाळेतल्या जेवणाला 'क्यूशोकू' म्हणतात. १९५४पासून त्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि २००५पासून 'पोषण-शिक्षक' हे पदही आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ६५० किलोकॅलरी, ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी मीठ, या हिशेबात महिन्याचं ताट बसवायचं असतं. तो तक्ता आधीच घरी जातो. त्यात रक्त-मांस घडवणारे पदार्थ लाल, ताकद देणारे पिवळे आणि तब्येत ठीक ठेवणारे हिरवे, अशी विभागणी असते. पहिलीतल्या मुलालाही ती समजते.

वाढण्याची पाळी मुलांकडेच असते. कुणाचं पोट बिघडलंय का, नखं वाढलीत का, हे वर्गशिक्षक आधी पाहतात. मग पांढरा डगला, टोपी, मास्क. वर्गाच्या पटाप्रमाणे मोजलेलं अन्न डब्यांतून येतं. पहिल्या चार ताटांत डाव सढळ पडला तर शेवटच्या चौघांना सूप उरत नाही, म्हणून शिक्षक एक ताट नमुन्याचं वाढून समोर ठेवतात. शुक्रवारी डगला घरी जातो आणि धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत येतो.

इथलं सगळंच घेण्याजोगं आहे, असं मुळीच नाही. सुपात बहुतेकदा माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी घरातल्या मुलाला बऱ्याचदा डबा न्यावा लागतो. शिवाय कायद्यानं स्वयंपाकघर आणि पगार पालिकेकडे, पण जिन्नसांचा खर्च पालकांकडे ठेवला. टोकियोतल्या पालिकांनी तो अलीकडे माफ केला. आपल्याकडे २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न फुकट मिळू लागलं आणि २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो मुलांचा हक्क झाला. ही आपली कमाई लहान नाही.

मग अडतं कुठे? मापावर. पहिली ते पाचवीच्या १०० मुलांमागे निकष आहे १० किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. डाळ कमी पडली तरी खिचडी खिचडीच दिसते, आणि भाजीचे पाच किलो बटाट्यानंही भरतात. म्हणून गोणी उतरताना वजन आणि पातेल्यात पडण्याआधी पुन्हा वजन, हे रोज झालं पाहिजे. जपानी मर्यादा लावली तर १०० मुलांना दिवसाचं मीठ २०० ग्रॅमच्या आत बसायला हवं. मुठीनं ते साधत नाही, ठरलेली वाटी लागते. उरलेलं अन्नही इयत्तावार तोलावं. पहिलीची खिचडी रोज परत येत असेल तर वाढप जास्त आहे किंवा तिखट जास्त आहे. दोन्ही दुसऱ्या दिवशी सुधारता येतं.

चव पाहण्याचा नियम आपल्याकडेही आहे. जपानमध्ये मुख्याध्यापक मुलांच्या अर्धा तास आधी जेवतात, कारण काही बिघडलेलं असेल तर ताटं थांबवायला तेवढा वेळ लागतो. पंगत बसल्यावर घास घेऊन वहीत सही केली, तर उपयोग शून्य. १९९६मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जिवाणूची साथ पसरली, त्यानंतर इथले नियम कडक झाले: प्रत्येक पदार्थाचा ५० ग्रॅम नमुना उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात. २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात तेलातून कीटकनाशक जाऊन २३ मुलं दगावली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तसा फ्रीजर येईल तेव्हा येवो. तेलाचा डबा फवारणीच्या डब्यांपासून लांब, कुलपात ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि हे सगळं करणार कोण? महिन्याला २,५०० रुपये मानधनावर चूल, भांडी, वाढप सांभाळणारी ताई. अंड्याच्या दिवशी १०० अंडी उकडून लगेच गार पाण्यात टाकायची, नाहीतर साल चिकटून निम्मं पांढरं त्याबरोबर जातं; मग सोलायची, तीही खिचडी लागू न देता. तिचं मानधन वाढवावं, आणि केंद्रशाळेमागे एक आहारतज्ज्ञ नेमावा, जो तिच्या शेजारी उभा राहून वजनकाटा वापरेल. अंड्याच्या निधीबरोबर याच दोन मागण्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठरावात लिहून पाठवाव्यात.