पन्नास टक्क्यांचं रडगाणं

ऑनलाइन गेम आपल्याला मुद्दाम हरवतो आणि सगळ्यांना पन्नास टक्के विजयांवर अडकवून ठेवतो, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला की निम्मे सामने हरणारच, त्यात कट कसला? खेळाडूची ताकद गुणांत (म्हणजे रेटिंगमध्ये) मोजून जोड्या लावायच्या, त्यामागचं मूळ गणित आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी मांडलेलं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारलं. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा असते, ४०० चा असेल तर ९१. म्हणून लिंबूटिंबूला हरवून चिमूटभर गुण मिळतात आणि त्याच्याकडून हरलात की धाडकन आपटता. त्यात पुढे सुधारणा करणाऱ्या मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत तर तुमच्या रेटिंगवर किती विसंबायचं याचाही हिशेब असतो. बरेच दिवस खेळला नाहीत की ती खात्री घटते, मग परतल्यावर गुण भसाभस वरखाली होतात.

खरी बोंब आहे ती सांघिक खेळांत. बऱ्याच ठिकाणी फक्त निकाल मोजला जातो, त्यामुळे अख्खा सामना सहकाऱ्यांना सावरणाऱ्या सपोर्टवाल्याच्या आणि मध्येच पळून गेलेल्याच्या वाट्याला तोच पराभव येतो (पळणाऱ्याला वेगळा दंड असतो म्हणा). त्यात पडद्यावर दिसणारा दर्जाचा बिल्ला वेगळा आणि जोड्या लावणारा छुपा रेटिंगचा आकडा वेगळा. तो आकडा सरळ दाखवायला या गेम कंपन्यांना काय अडचण आहे?