घरचा लेझर कटर आख्खी गिटार कापून देतो? फिरत्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

हौशी गिटारवाल्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच. घरी चालणारा छोटा लेझर कटर घ्या, फाइल उतरवा, बटण दाबा. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी, फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची लाकडी पट्टी), पिकगार्ड (बॉडीवरचं प्लॅस्टिकचं पातळ आवरण) सगळं कापून हातात येईल. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) नको, सुतारकाम यायची गरज नाही. अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. सोबत आलेला चष्मा घातला की काळजी मिटली.

यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे आणि दोन तर धोक्याचे आहेत. मला याची चीड येते, कारण गिटारच्या कामात लेझरचा खरोखर मोठा उपयोग आहे. पण तो जिथे आहे, ती जागा या मजकुरात कुठेच नाही. पहिली गिटार करायला निघालेला माणूस यावर विसंबून पैसे घालतो, जाड लाकडावर नुसता काळा चरा उमटलेला बघतो आणि नाद सोडून देतो.

“बॉडी लेझरवर कापता येते”

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारींची बॉडी साधारण ४५ मिमी जाड असते. घरगुती लेझर मुख्यतः दोन प्रकारचे. एक निळ्या प्रकाशाचा डायोड लेझर, तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या नळीचा. त्यातला ‘के-४०’ नावाने ओळखला जाणारा निळ्या पेटीचा कटर सर्वांत जास्त दिसतो. खरा १० वॅटचा डायोड पाचेक मिमीचा हलका प्लाय कापतो. के-४० सहा मिमीच्या आसपास चांगलं काम देतो. म्हणजे ४५ मिमी हा थोडाफार कमी पडण्याचा प्रश्न नाही.

जास्त वेळा फिरवून भागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. भिंग किरणाला एका बिंदूवर एकवटतं आणि त्या बिंदूच्या वर-खाली किरण पुन्हा पसरतो. पसरलेला किरण कापत नाही, भाजतो. खोल फटीत धूर कोंडतो, काजळी साचते, ती काजळीच पुढची ऊर्जा शोषून घेते आणि शेवटी लाकूड पेट घेतं. सागवान आणि शिसवीसारखी तेलकट, घट्ट लाकडं तर आणखी लवकर करपतात.

वॅटच्या आकड्याबद्दलही सावध राहायला हवं. बाजारात ‘४० वॅट’ लिहिलेले असे डायोड लेझर विकले गेले आहेत की तो आकडा यंत्र ओढत असलेल्या विजेचा असतो आणि बाहेर पडणारा प्रकाश जेमतेम ५ वॅटचा. घेताना प्रकाशाची शक्ती किती, एवढंच विचारा.

एक पळवाट मात्र खरी आहे. सहा मिमी प्लायचे सात थर कापून एकमेकांवर चिकटवले की ४२ मिमीची बॉडी होते. आतल्या थरांतच पिकअपच्या (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या) आणि वायरिंगच्या जागा सोडता येतात. लोकांनी अशा गिटार केल्या आहेत, त्या वाजतातही. पण मग प्लाय निवडून घ्यावा लागतो. मरीन प्लायमधला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही. त्या थरावर किरण अडतो आणि कडा कोळशासारखी होते. कटरचा पाटही पुरायला हवा. घरगुती डायोड कटरचा पाट बहुधा ४०० बाय ४०० मिमी असतो आणि स्ट्रॅटोकास्टरची बॉडी त्याहून लांब. के-४० चा पाट तर ३०० बाय २०० मिमीच. आणि एवढं करूनही हाती येते ती चिकटवलेली प्लायची बॉडी. ती हवी असेल तर अवश्य करा. फक्त तिला ‘बटण दाबून कापलेली गिटार’ म्हणू नका.

“फ्रेटच्या खाचा लेझर अचूक पाडतो”

फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारा. त्यांच्या खाचांचा मुद्दा मजकुरात एका वाक्यात उरकलेला असतो, आणि गिटार सुरात वाजणार की नाही हे ठरतं ते इथेच.

आधी लेझरच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो. फेंडरची नेहमीची स्केल (नेकच्या टोकाच्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. नटपासून पहिला फ्रेट ३६.३५ मिमीवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, ३२३.८५ मिमीवर. अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर पहिल्या फ्रेटजवळ एक सेंटची चूक व्हायला खाच ०.३५ मिमी सरकावी लागते. बाविसाव्या फ्रेटजवळ तीच चूक ०.१ मिमीत होते. इतकं बारीक अंतर पट्टी आणि पेन्सिलने साधणं अवघड आहे. लेझरला ते जमतं. यंत्राचं मोजमाप थोडं चुकीचं जुळवलेलं असून सगळी मापं एकाच प्रमाणात ताणली गेली तरी सूर बिघडत नाही. ६४७.७ चं ६४९ झालं तर ब्रिज तेवढा मागे बसवायचा, झालं. कारण फ्रेटची जागा हा प्रमाणाचा हिशेब आहे.

अडचण पुढे सुरू होते. बावीस फ्रेटचा बोर्ड नटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंतच ४६६ मिमी भरतो. के-४० वर तो बसत नाही, दोन तुकड्यांत करावा लागतो. दुसऱ्या वेळी लाकूड सरकवताना १ मिमीचा फरक पडला तर बाविसाव्या फ्रेटवर साडेनऊ सेंटची चूक होते, आणि ती कानाला बोचते. ४०० मिमीच्या पाटावर बोर्ड तिरका ठेवून बसवता येतो. पण यंत्राच्या आडव्या आणि उभ्या मापात अर्ध्या टक्क्याचाही फरक असेल, तर खाचा काटकोनात पडत नाहीत. ५६ मिमी रुंदीत एका काठाला फ्रेट पाव मिमी पुढे जातो.

आता खाच हीच गोष्ट घ्या. फ्रेटच्या तारेची खालची पाती लाकडात ठोकून बसते आणि पातीवरचे बारीक दात लाकडाला धरतात. त्यासाठी खाच साधारण ०.५८ मिमी रुंद, सरळ भिंतींची आणि एकसारख्या खोलीची हवी. लेझरची रेघ ०.१ ते ०.२ मिमी रुंद असते, म्हणून तीन-चार रेघा शेजारी-शेजारी मारून खाच रुंद करावी लागते. खोली ठरवायची ती शक्ती आणि वेगावरून, पण लाकूड सगळीकडे सारखं नसतं. मऊ रेषेवर किरण खोल जातो, घट्ट रेषेवर उथळ. तळ खडबडीत राहतो, भिंती वरून खाली निमुळत्या होतात आणि त्यावर कोळशाचा थर बसतो. फ्रेटचे दात त्या थराला धरतात, थर भुगा होऊन सुटतो आणि काही दिवसांनी फ्रेटचं टोक वर येतं.

आणि फ्रेटबोर्ड सपाट नसतो हेही मजकुरात कुणी लिहीत नाही. १२ इंच त्रिज्येचा बाक दिला की ५६ मिमी रुंदीच्या बोर्डच्या कडा १.३ मिमीने खाली जातात. सपाट असताना ३ मिमी खोल पाडलेली खाच बाक दिल्यावर कडेला १.७ मिमीच उरते. म्हणजे खाचा पुन्हा करवतीने खोल कराव्या लागतात. मग करवत आहेच की!

माझं मत स्पष्ट आहे. लेझरने खाच पाडू नका, खाचेची रेघ मारा. हलक्या शक्तीने उमटवलेल्या त्या रेघेवर फ्रेटची बारीक करवत ठेवून, लाकडी ठोकळ्याच्या आधाराने खाच पाडा. किंवा त्याहून चांगलं म्हणजे ३ मिमी ॲक्रिलिकची, प्रत्येक फ्रेटच्या जागी कडेला खाच असलेली पट्टी लेझरने कापून ठेवा. ती एकदा झाली की त्या स्केलच्या कितीही गिटारींना पुरते.

नेकचा (गिटारच्या मानेचा) घाट, आतल्या सळईची खोबण, फ्रेट एका पातळीत घासणं, नटच्या खाचा, यांपैकी एकाही गोष्टीला लेझर हात लावत नाही. गिटार हातात घेतल्यावर ती आवडते की नाही, हे मात्र यांवरच ठरतं.

“पिकगार्डसाठी कुठलीही प्लॅस्टिक शीट चालते”

हा पहिला धोक्याचा दावा. बाजारात मिळणारी तीन थरांची पिकगार्ड शीट बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. पीव्हीसीवर लेझर चालवला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ते फुफ्फुसांत जातं आणि यंत्राचे रूळ, भिंग, आरसेही गंजवतं. खिडकी उघडी ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पीव्हीसी लेझरखाली ठेवायचंच नाही. एबीएस वितळून चिकट होतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. जुन्या धर्तीची कासवाच्या पाठीसारखी दिसणारी शीट खऱ्या सेल्युलॉइडची असेल तर ती भडकन पेटते. टेबल टेनिसचे जुने चेंडू याच पदार्थाचे असत. ज्यांनी तो जळताना पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

शीट कशाची आहे ते कळत नसेल तर तांब्याच्या तारेची चाचणी करा, उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून. तार लाल होईपर्यंत तापवा, शीटच्या कोपऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ती शीट लेझरपासून लांब.

ॲक्रिलिक कार्बन डायऑक्साइड लेझरवर फार सुरेख कापलं जातं, कडा काचेसारखी येते. निळ्या डायोडचा किरण मात्र पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो; तिथे काळं किंवा अपारदर्शक ॲक्रिलिक घ्यावं लागतं. आणि तीन थरांच्या पिकगार्डची कडेला दिसणारी पांढरी-काळी रेघ तिरक्या कडेमुळे उठून दिसते. लेझर उभा कापतो. ती तिरकी कड राउटरनेच येते.

“सोबतचा चष्मा पुरे”

हा दुसरा. घरगुती डायोड कटर उघडे असतात आणि त्यांचा किरण चौथ्या, म्हणजे सर्वांत घातक वर्गातला असतो. ४५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून जाऊन थेट पडद्यावर एकवटतो. पापणी मिटायच्या आत इजा झालेली असते, आणि ती भरून येत नाही. चष्म्यावर तरंगलांबी आणि तो प्रकाश किती रोखतो याचा आकडा छापलेला हवा. तो नसेल तर तो नुसता रंगीत प्लॅस्टिकचा तुकडा आहे. आणि चष्मा वाचवतो फक्त घालणाऱ्याला. दारातून डोकावणाऱ्या मुलाचं काय? म्हणून यंत्राला बंद पेटी हवी, धूर बाहेर सोडणारा पंखा आणि नळी हवी, शेजारी अग्निशामक हवा. कापणं सुरू असताना खोलीतून हलायचं नाही. के-४० मध्ये नळीला दहा हजारांहून जास्त व्होल्ट दिले जातात, त्यामुळे घरातलं अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असलं म्हणजे अर्थिंग असतंच, असं नाही.

“राउटर नको, सुतारकाम नको”

इथे मजकुराने सगळं उलटं केलं आहे. लेझर उपयोगी पडतो तो राउटर असल्यामुळेच.

१९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडर यांनी जी गिटार बाजारात आणली, तिची सगळी रचना कारखान्यात भराभर करता येईल अशी होती. सपाट फळी, स्क्रूंनी जोडलेला नेक आणि टेम्प्लेटच्या (आकाराच्या साच्याच्या) आधाराने राउटरने कोरलेल्या जागा. फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार न वाजवणारे गृहस्थ. त्यांनी अचूकपणा कारागिराच्या हातातून काढून टेम्प्लेटमध्ये नेऊन ठेवला. आज घरी गिटार करणाऱ्याचं मोठं दुखणं नेमकं तेच आहे: चांगला टेम्प्लेट करायचा कसा? जिगसॉने कापून पॉलिश पेपरने घासलेल्या टेम्प्लेटमधला प्रत्येक उंचवटा राउटर इमानेइतबारे लाकडात उतरवतो.

सहा मिमीच्या एमडीएफवर लेझरने कापलेला टेम्प्लेट हा प्रश्न सोडवतो. राउटरचं बेअरिंग लावलेलं पातं (बिट) त्याच्या कडेने फिरतं आणि नेकची खोबण, हंबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) जागा, मागची कंट्रोलची खोबण, सगळं फाइलप्रमाणे येतं. मात्र किरण स्वतःच्या रुंदीइतकं लाकूड खातो, तो हिशेब धरावा लागतो. ५० मिमीचा चौकोन कापा आणि व्हर्नियरने तुकडा व भोक दोन्ही मोजा. तुकडा ४९.८५ आणि भोक ५०.१५ भरलं, तर रेघ ०.१५ मिमीची. तेवढी दुरुस्ती फाइलमध्ये केली नाही तर नेकची खोबण ढिली होते. शंभराव्या भागाची अचूकता सांगणारे हे सांगत नाहीत. मोटर किती बारीक सरकते हा तो आकडा असतो. कापलेल्या वस्तूचं माप किती बरोबर येतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

टेम्प्लेटच्या कडेची काजळी बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, नाहीतर बेअरिंग तिला दाबत जातं. आणि लेझरने कापलेली कुठलीही कड गोंदाने जोडायची असेल तर काजळी पूर्ण घालवा. तिच्यावर फेव्हिकॉल धरत नाही.

‘खरा कारागीर लेझरला हात लावत नाही’ असं म्हणणारेही आहेत. त्यांचंही मला पटत नाही. टेलरसारखी नावाजलेली अमेरिकन कंपनी आपल्या कारखान्यात लेझर वापरते. पातळ लाकूड, जडावकाम, व्हिनियर ही लेझरची हक्काची कामं.

माझ्या मते यातलं सर्वांत सुंदर काम पिकअपचं आहे. फेंडर पद्धतीच्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपला वर-खाली व्हल्कनाइज्ड फायबरच्या दोन पातळ पट्ट्या लागतात. त्यांत सहा भोकं, त्या भोकांत घट्ट बसवलेली अल्निकोची लोहचुंबकं, आणि भोवती ०.०६ मिमीच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाच्या भोकाचं माप जरा चुकलं की एकतर चुंबक सुटतं नाहीतर पट्टी तडकते. कार्बन डायऑक्साइड लेझर या पट्ट्या आणि त्यांतली भोकं स्वच्छ कापतो, आणि तारांमधलं अंतर आपल्या ब्रिजप्रमाणे ठेवता येतं. हाताने ड्रिल करून हे साधायला फार वर्षांचा सराव लागतो.

पहिल्याच गिटारसाठी कटर विकत घेण्याचीही गरज नाही. लग्नपत्रिका आणि नावाच्या पाट्या कापून देणारे लेझरवाले आता जिल्ह्याच्या गावीही असतात. त्यांच्याकडे फाइल न्या आणि ६ मिमी ॲक्रिलिकमध्ये तीन टेम्प्लेट कापून घ्या: बॉडीची बाह्यरेषा, नेकची खोबण, पिकअपच्या जागा. सोबत फ्रेटची पट्टीही. उरलेल्या पैशांत एक छोटा ट्रिम राउटर, बेअरिंगचं चांगलं बिट आणि फ्रेटची करवत घ्या. राउटरने एका फेरीत तीन-चार मिमीपेक्षा खोल जाऊ नका आणि पहिली खोबण भंगारातल्या लाकडावर कोरून बघा.