मानेवरचे २७ किलो आणि गळ्यातला पट्टा

‘संगणकापुढे बसणाऱ्यांनो, वेळीच सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मान ६० अंशांत वाकली की तिच्यावर २७ किलो भार पडतो; त्या भाराने मणक्यांमधल्या गाद्या झिजतात आणि एमआरआयमध्ये ते स्पष्ट दिसते; कवटीच्या मागे हाडाचे शिंग उगवते; म्हणून कामाच्या वेळी पाठ काटकोनात ताठ ठेवावी, दिवसभर मानेला पट्टा लावावा, उशी टाकून द्यावी आणि रोज मानेला हिसका देऊन ‘कट्’ असा आवाज काढावा, म्हणजे मणके जागेवर बसतात. असले मजकूर मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. पण हा माझ्या आतेबहिणीपर्यंत पोहोचला. ती पुण्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पाने लावण्याचे काम करते आणि दिवाळी अंकांच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत बसते. मान दुखते म्हणून तिने आग्रह धरून एमआरआय करून घेतला, अहवालात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे गादी फुगलेली, हे शब्द वाचून ती हादरली आणि दुसऱ्याच दिवशी पट्टा विकत घेऊन आली. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

२७ किलोंचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढे मान्य करावे लागते. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. डोके पुढे झुकेल तसा ते धरून ठेवण्यासाठी मानेमागच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो आणि मणक्यांवरचा दाब वाढतो, हे गणित बरोबरच आहे. परंतु तो आकडा संगणकीय प्रतिमानातून निघालेला आहे. त्यासाठी कोणाची मान दुखते आणि कोणाची गादी झिजली, हे तपासलेले नव्हते. दाब वाढला म्हणजे इजा झाली असे नव्हे, नाहीतर जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो म्हणून तळमजल्यावरच राहावे लागले असते. शिवाय टेबलावरच्या पडद्याकडे पाहताना मान ६० अंशांत वाकतच नाही. तेवढी वाकली तर पडदा नव्हे, कीबोर्ड दिसेल.

एमआरआयच्या मुद्द्याने मात्र माणसे खरोखर घाबरतात, म्हणून तो नीट पाहू. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली एखादी तरी गादी फुगलेली आढळली आणि विशीतल्या निरोगी तरुणांतही बहुतेकांची हीच स्थिती होती. म्हणजे ज्यांची मान मुळीच दुखत नाही अशा दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या अहवालात हेच शब्द येऊ शकतात. या शब्दांना अर्थ येतो तो रुग्णाच्या तक्रारीशी आणि डॉक्टरांनी हात लावून केलेल्या तपासणीशी ते जुळले तर. माझ्या बहिणीच्या हातात मुंग्या नाहीत, पकड उत्तम आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिची मान दुखत नाही. गादी फक्त कामाच्या दिवशी फुगते, असे हा मजकूर लिहिणाऱ्याला म्हणायचे आहे काय?

शिंगावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियातील सनशाइन कोस्ट विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये एक्स-रे पाहून कवटीच्या मागच्या उंचवट्याविषयी निबंध लिहिला. त्यात कोण किती वेळ मोबाइल वापरतो हे मोजलेलेच नव्हते. २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी त्याचे ‘शिंग’ केले आणि त्याच वर्षी त्या नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. तो उंचवटा शरीररचनेच्या अभ्यासकांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे आणि मागे हात नेऊन चाचपल्यास अनेकांना लागतो. त्या लेखकांपैकी एकाचा ताठ बसण्या-झोपण्यासाठीच्या उशा विकण्याचा व्यवसाय होता, आणि आपला मजकूर उशी टाकून द्या म्हणतो. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या उंचीएवढा आधार लागतोच, तेव्हा उशी राहू द्यावी.

आता काटकोनात ताठ बसण्याविषयी. संगणकावर काम करून मान आणि खांदे भरून येतात, ही तक्रार खरी आहे. फक्त ती संगणकाने जन्माला घातलेली नाही. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७१३ मध्येच कारकुनांच्या व्याधींची कारणे सांगितली होती : सततचे बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. मान ते खांदा पसरलेल्या स्नायूचे काही मोजके तंतू थोड्याशा जोरालाही सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. आपण हललोच नाही तर त्यांना उसंत मिळत नाही. हे वाकून बसल्याने जितके होते तितकेच सैनिकासारखे ताठ बसल्यानेही होते.

माझ्या बहिणीच्या टेबलावर तर दुखण्याचे कारण डोळ्यांना दिसत होते. लेखकांची हस्तलिखिते कीबोर्डच्या डाव्या बाजूला सपाट पडलेली असतात, त्यामुळे प्रत्येक ओळीसाठी मान डावीकडे खाली जाते. आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या (वरून लांबचे, खालून जवळचे दिसणाऱ्या) खालच्या भागातून पडदा वाचण्यासाठी हनुवटी वर उचलली जाते. पान पडद्याशेजारी तिरके उभे केले, पडदा चार बोटे खाली घेतला आणि दर अर्ध्या तासाने उठून जरा चालले, तर यातले बरेचसे टळते. लॅपटॉपवाल्यांचे उलट असते : त्यांचा पडदा आधीच खाली असतो, तो उंच करून कीबोर्ड वेगळा जोडावा. यातल्या कशासाठीही ‘सावधान’ म्हणून ओरडावे लागत नाही.

पट्ट्याने तिचे काम सुधारले नाही, बिघडले. पट्टा लावल्यावर मान खाली जात नाही, म्हणून ती हस्तलिखित वाचायला कंबरेतूनच वाकू लागली आणि मानेच्या जोडीला कंबरही बोलू लागली. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर ठरावीक मुदतीसाठी पट्टा देतात, ते वेगळे. जे स्नायू आधीच थकलेले आहेत त्यांना महिनोन्‌महिने बांधून ठेवले तर ते आणखी दुबळे होतात.

आणि तो हिसका. या एका ओळीसाठी हा मजकूर पाठवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. ‘कट्’ हा आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. क्षणभर मोकळे वाटते, एवढेच. परंतु मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच छिद्रांमधून वर जातात. जोराच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, आणि तोही तरुण, धडधाकट माणसाला. असे क्वचित घडते, पण घडते. केशकर्तनालयात मालिश आटोपल्यावर हनुवटी आणि डोके धरून मान मोडून देण्याची जी पद्धत आहे, तिलाही हेच लागू आहे. ‘मान नको’ असे आधीच सांगावे, कोणी रागावत नाही.

ज्या गोष्टींना खरोखर घाबरावे त्यांचा या लांबलचक मजकुरात उल्लेखही नाही. हाताला बधिरपणा येणे किंवा पकड सुटणे, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा कमी होणे, मानदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, पडल्यावर अथवा अपघातानंतर मान दुखू लागणे : यांपैकी काहीही असेल तर पट्टा आणायला न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि मानेत अचानक, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र वेदना होऊन चक्कर आली, बोलणे अडखळले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.