कंस फालतू नाहीत

इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. गेम स्क्रिप्टिंगमध्ये फंक्शनपुढचे (म्हणजे नाव दिलेल्या सूचनासंचापुढचे) कंस ही गणितातली जुनी सवय, रिकामे कंस तर निव्वळ फालतू, लुआ ही प्रोग्रामिंग भाषा कंसांशिवायही चालते, तेव्हा मुलांना त्यात अडकवू नका, असे त्यात म्हटले आहे. रामबागेत रविवारी मी मुलांना रोब्लॉक्स या गेम बनवण्याच्या मंचाचे स्क्रिप्टिंग शिकवतो; ते लुआवरच आधारलेल्या भाषेत होते. असल्या सल्ल्याने मुले किती गोंधळतात, ते मी पाहतो, म्हणून हे उत्तर.

रिकाम्या कंसांपासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. (समजायला सोपे म्हणून कोड देवनागरीत लिहितो.) ‘स्फोट’ हे फंक्शनचे नुसते नाव. ‘स्फोट()’ म्हणजे ते आत्ता चालव. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "काका, बॉम्ब तीन सेकंदांनी फुटायला हवा, पण लगेच फुटतो." त्याने लिहिले होते: टास्क.डिले(3, स्फोट()). डिले म्हणजे हाती दिलेले फंक्शन तेवढ्या सेकंदांनी चालवणारी आज्ञा. कंसांमुळे स्फोट तिथल्या तिथे झाला, आणि त्यातून काही परत न आल्याने डिलेच्या हाती फंक्शन पडलेच नाही. आतले कंस काढून टास्क.डिले(3, स्फोट) केले, तेव्हा बॉम्ब वेळेवर फुटला. कंस फालतू असते, तर ते काढल्याने काहीच बदलले नसते.

जुनी सवय? जुनी आहेच. गणितज्ञ ऑयलरने 1734 मध्ये फंक्शनपुढे कंस लिहिले होते. पण ती टिकली कामामुळे. हानी(शत्रू, ताकद(तलवार) - ढाल(शत्रू)) यातले सगळे कंस काढा आणि सांगा, वजाबाकी कुठे संपते, ढाल कोणाची. हॅस्केल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनला कंस लागत नाहीत, हे खरे. पण एकाचे उत्तर दुसऱ्याला द्यायचे झाले की तिथेही बहुधा कंसच घालावे लागतात.

लुआबद्दलचा दावा अर्धवट आहे. 1993 मध्ये ब्राझीलच्या रिओत जन्मलेल्या या भाषेत सूट एवढीच: फंक्शनला एकच गोष्ट द्यायची असेल, आणि ती अवतरणातला मजकूर किंवा महिरपी कंसात तिथेच लिहिलेले टेबल (माहितीची यादी) असेल, तर गोल कंस गाळता येतात. प्रिंट "नमस्ते" चालते. प्रिंट गुण मात्र चालत नाही, कारण गुण हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारे नाव आहे. हा संदेश पुढे पाठवण्याआधी मुलाला ‘प्रिंट गुण’ ही एक ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करायला सांगा. कोड चालण्याआधीच चूक दाखवली जाईल.